चादरीला दोन माणसं लागतात

मी रूळ बोलतोय. वेस्तरोस शहरातल्या एका पाच मजली इमारतीच्या तळघरात, कपडे धुवायच्या सामायिक खोलीत, धुलाईयंत्रांच्या समोरच्या भिंतीला मी उभा आहे. एकावर एक दोन लाकडी लाटा, जाड लाटण्यांसारख्या, पुढे एक फळी, बाजूला लाल बटण. किंचित ओली चादर माझ्यात घातली की पलीकडून ती कागदासारखी सपाट निघते. एकेचाळीस वर्षं मी हेच करतो आहे.

माझ्यात चादर घालण्याआधी ती ताणावी लागते. दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे, मागे सरकायचं, ओढायचं. एकट्याने घातली तर ती तिरकी जाते आणि सुरकुत्या कायमच्या बसतात. एवढी साधी गोष्ट या इमारतीतल्या लोकांना समजत नाही, म्हणून मला त्यांच्याविषयी फारसा आदर नाही.

ही माणसं जिन्यात एकमेकांना पाहून हसतात आणि राग चिठ्ठीवर लिहितात. माझ्या समोरच्या दारावर वेळा राखून ठेवायचा फळा आहे, त्याच्याभोवती सगळ्या चिठ्ठ्या. ‘गाळणीतला कचरा कोण काढणार?’ ‘माझा एक मोजा गेला. ज्याने नेला त्याने लाजावं.’ वर हसरा चेहरा काढलेला. तोंडावर बोलायची हिंमत नसली की माणूस हसरा चेहरा काढतो.

चौदा नंबरच्या घरातला स्वांते या सगळ्यांचा मुकुटमणी. बावन्न वर्षांचा, नकाशे काढणारा. गेल्या वसंतात त्याच्या बायकोला, गुनवोरला, लांब उत्तरेत उमेओच्या रुग्णालयात नोकरी देऊ केली. ती म्हणाली, “काय करू?” हा म्हणाला, “जशी तुझी इच्छा.” घरात दोनच खोल्या, म्हणून मनातलं बोलायला हा तळघरात आला. दर बुधवारी पाचची वेळ राखायची, धुतलेल्याच निळ्या काठाच्या चादरी टोपलीत घालून आणायच्या, आणि लॅपटॉप माझ्या फळीवर ठेवायचा! पडद्यावर हेड्डा नावाची समुपदेशक बाई यायची.

“ती जाणार म्हटल्यावर शरीरात कुठे जाणवतं तुम्हाला?” ती विचारायची.

“गुडघ्यात,” हा म्हणायचा.

सहा बुधवार मी हे ऐकलं. तिने जाऊ नये असं याला वाटत होतं. हे तो बाईला सांगायचा, पाणी पिऊन पुन्हा सांगायचा.

“हे गुनवोरला सांगितलंत?”

“पुढच्या आठवड्यात सांगतो.”

बाई मान डोलवायची. तिचा मला सुरुवातीला फार राग यायचा, पण तिचं काही चुकत नव्हतं. ती दर वेळी एकच प्रश्न विचारत होती, आणि हा दर वेळी नव्याने कोपऱ्यात शिरत होता.

मग दारावर चिठ्ठी लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या डाग्नीबाईंची. ‘घर क्रमांक चौदा: दर बुधवारी पाचची वेळ घेता आणि एकही यंत्र फिरत नाही. खोली कपडे धुवायला आहे.’ हसरा चेहरा.

या इमारतीत बायकोशी अबोला चालतो, पण वेळ राखून कपडे न धुणं म्हणजे महापाप. स्वांते पांढरा पडला. डाग्नीबाईंचं दार वाजवून दोन शब्द बोलावेत? छे. सातव्या बुधवारी त्याने यंत्र रिकामंच सुरू केलं. निदान वर आवाज तरी जावा!

आवाज झाला. इतका, की बाईला काही ऐकू येईना.

“काय म्हणालात?”

“तिला उद्यापर्यंत कळवायचंय!”

“आणि तुम्हाला काय हवंय?”

“तिने जाऊ नये!”

“ऐकू येत नाहीये!”

स्वांते माझी फळी दोन्ही हातांनी धरून ओरडला, “गुनवोरने मला सोडून जाऊ नये!”

नेमकं त्याच क्षणी यंत्र थांबलं. शेवटचे तीन शब्द रिकाम्या खोलीत घुमले. दारात गुनवोर उभी होती, हातात ती चिठ्ठी.

“सहा आठवडे त्याच चादरी धुतोयस,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुझं दुसरीकडे काहीतरी आहे.”

“हेड्डा आहे,” तो म्हणाला, आणि पडद्याकडे बोट केलं. गाढव!

“नमस्कार,” हेड्डा म्हणाली.

“नमस्कार. स्वांते, तिकडे नको बघूस. माझ्याकडे बघ. आता हळू आवाजात सांग.”

माझ्या फळीवर त्याची नखं वाजत होती.

“जाऊ नकोस,” तो म्हणाला.

गुनवोर टोपलीपाशी खाली बसली. “मी सकाळीच हो कळवलं रे. तीन महिने वाट पाहिली. आज सकाळी नाही पाहिली.”

हेड्डाने पडद्यावर नजर खाली वळवली. तेवढ्यासाठी मी तिला मानतो. स्वांतेने हात पुढे करून हळूच लॅपटॉप मिटला. गुनवोरने वरची चादर काढली, तिच्यावर पाण्याचे चार शिंतोडे उडवले आणि दोन कोपरे त्याच्या हातात दिले.

“धर. ओढ.”

त्याने ओढली. तिनेही. चादर अशी ताणली गेली की तिच्यावर नाणं टाकलं असतं तर ते उसळलं असतं.

“तिकडे कपडे धुवायची खोली असेल ना?” त्याने विचारलं.

“असेल.”

“मग वेळ दोघांच्या नावावर लिही.”

ती हसली नाही. कोपरे मात्र तिने सोडले नाहीत. एकेचाळीस वर्षांत एवढी सरळ चादर माझ्यातून गेली नव्हती.

ऑगस्टमध्ये ते दोघं उत्तरेला राहायला गेले. इमारतीच्या समितीने ठरवलंय की हिवाळ्याआधी मला काढून तिथे कपडे वाळवायचं नवं यंत्र बसवायचं. त्यात माणूस एकटाच सगळं कोंबू शकतो. या लोकांना शोभेल असंच आहे ते. माझं मागणं एकच: तोवर कोणी याल, तर दुसऱ्या टोकाच्या माणसाला बरोबर घेऊन या.

परवा चौदा नंबरचा नवा भाडेकरू खाली आला. एकटाच. टोपलीत धुतलेले शर्ट. त्याने इकडेतिकडे पाहिलं, दार लावलं आणि माझ्या फळीवर लॅपटॉप ठेवला.

मी होता नव्हता तेवढा तिरस्कार एकवटून करकरलो.

तो वाकला, माझ्या लाटांकडे पाहिलं आणि चिठ्ठी लिहून दारावर लावली: ‘रुळाला तेल हवंय.’ वर हसरा चेहरा.