देवदाराची फळी

लेकीच्या आंदणाला, नको सागाची गं पेटी
बैल दमतील वाटेत, दूर जाई माझी बेटी

जात्यावरचा आईचा आवाज. तेव्हा मथुराबाई परकरी पोर होती. आज राजपुऱ्यातल्या घरात, विधवेच्या कोपऱ्यात बसल्या बसल्या तिला तो ऐकू आला आणि आला तसा गेला. आत काही हललं नाही.

चैत्रात तिचे यजमान गिरधर गेले. वर्षाच्या आत लेकीचं, शोभाचं लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी रीत. जळगावचे, मुलाकडचे, तीन वर्षं थांबणार नव्हते. म्हणून वेगळं बिऱ्हाड असलेला धाकटा दीर दिगंबर घाईत होता. नवं सागवान वाळायला वेळ लागतो, तेव्हा पलंग-कपाट नरम लाकडाचं करायचं ठरलं. विधवेनं वर्षभर उंबरा ओलांडायचा नसतो, त्यामुळे लाकडाची वखारच तिच्यापाशी आली. लोटू मिस्त्रीनं तिच्यासमोर तीन फळ्या मांडल्या.

सलईची फळी पांढरीफटक. लोटूनं नख दाबलं तर लोण्यासारखं रुतलं. "देखो वहिनीबाई, सस्ती आहे, पण कीड हिला मामाचं घर समजते." दुसरी फळी चीड या पहाडी झाडाची, तिच्यात गाठी होत्या. उन्हाळ्यात त्यांतून राळ पाझरते, लुगडी चिकटतात, असं त्यानंच सांगून टाकलं. उरला देवदार, उत्तरेकडून रेल्वेनं आलेला, चांगला वाळलेला.

"लवकर ठरवा," दिगंबर म्हणाला. "जळगाव मुंबई राज्यात, आपण मध्य प्रदेशात. उद्या कपाटालाही परवाना मागतील."

लोटू हसला. मथुराबाई हसली नाही, रागावलीही नाही. कुणी काही विचारलं की तेराव्यापासून तिचं एकच उत्तर असे: तुम्ही म्हणाल ते. तारीख तशीच ठरली, लुगडी तशीच आली. आताही ती तेच म्हणाली.

लोटूनं देवदार तिच्या नाकापाशी धरला. तिला वास आला नाही. उदबत्तीचा, फोडणीचा, कसलाच येत नव्हता कितीतरी दिवसांत. फळी शोभाकडे गेली. पोरीनं डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि तिच्या ओठांवर हसू उमटलं, बाप गेल्यापासून पहिल्यांदाच. मग आईकडे बघून तिनं ते घाईघाईनं पुसलं.

पुसलेलं ते हसू मथुराबाईनं पाहिलं. हे घर आता तिचं एकटीचं होणार. सकाळी कुणी हाक मारणार नाही, संध्याकाळी कुणी दिवा लावणार नाही. दाताच्या कळीसारखं काहीतरी, पुष्कळ उशिरा, तिच्या आत जागं झालं.

लोटूनं कानावरची पेन्सिल काढली. आज माप टाकलं की उद्या करवत चालणार. "मग देवदारच ना? कापायला घेतो."

"नका कापू," मथुराबाई म्हणाली.

दिगंबरनं मान वर केली. शोभा जिथल्या तिथे थांबली.

"भाऊजी, पोरीला जायचंय, दिसतं मला. जळगावचे थांबणार नाहीत, तेही ठाऊक आहे. पण मला तिला इतक्यात नाही द्यायची. या घरात एकटीला मला भीती वाटते हो."