बंद प्रत

‘किल्लीवाली’ या संगणकावरच्या कोड्यांच्या खेळाचा पाचवा भाग बाजारात आला आणि तक्रारींची रांग लागली. कोडी फार अवघड झाली, पहिल्या भागात काय मजा होती, आता नुसतं डोकं धरून बसायचं. कंपनी दोघा भावांची होती. धाकटे व्यवहार बघत, थोरले कोडी रचत. थोरल्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण कोणी त्यांच्या कोड्यावर शंका काढली की ते उठून फळ्याशी जात आणि शंका काढणाऱ्याला पश्चात्ताप होईपर्यंत समजावून सांगत. तक्रारी वाचून धाकट्यांनी मनाशी ठरवलं की सहावा भाग दुसऱ्या कोणाकडे द्यायचा. मास्तरांनी ठरवलं की सहावा आपणच करायचा. भावाभावांत जुंपायला नको म्हणून दोघांनी निवाडा मापारणीवर सोपवला.

कोडं किती अवघड आहे हे मोजणं तिचं काम. म्हणून खेळातली चित्रं काढणाऱ्या चितारणीने तिला मापारीण हे नाव पाडलं होतं, आणि ते अंगठीसारखं बसलं होतं. ती पदार्थविज्ञान शिकलेली. तापमान मोजायचं तर थर्मामीटरने आधी स्वतः तापावं लागतं, हे तिला कॉलेजात आवडलेलं पहिलं वाक्य. इथे ती माणसं मोजायची. मालिकेतला एकही भाग न पाहिलेल्या माणसाला कंपनीत ‘कोरा’ म्हणत. कोऱ्याला खुर्चीत बसवायचं, पडद्यावर खेळातली एक खोली उघडून द्यायची आणि मापारणीने मागे बसून बघायचं. मागच्याने बोलायचं नाही, खाकरायचं नाही, हा मास्तरांचा नियम. एकदा एकजण नुसता “हं” म्हणाला, तर मास्तरांनी त्याला दुसऱ्या दिवसापासून हिशेबाच्या टेबलावर पाठवलं.

पाचही भाग कोऱ्यांकडून खेळवून घेताना मापारणीच्या एक गोष्ट लक्षात आली. लोक पाचव्या भागात लवकर हार मानत होते हे खरं. पण ते पहिल्या भागातही तितक्याच लवकर हार मानत होते. हातातला फोन वाजला की कोडं संपलं. कोडं अवघड आहे की माणूस उतावीळ आहे, हे वेगळं करायला हवं होतं. त्यासाठी तिने चितारणीकडून पहिल्या भागातल्या एका खोलीची बंद प्रत करून घेतली. बंद प्रत म्हणजे सुटूच न शकणारं कोडं. उत्तर आहे असं समजून माणूस त्यात किती वेळ टिकतो, तेवढा त्याचा धीर. तो हिशेबातून वजा केला की उरते ती कोड्याची खरी अवघडता. खुर्चीतून उठणाऱ्या कोऱ्यांचे कान लाल झालेले असत. आपण मठ्ठ आहोत असं समजून ते घरी जात. त्यांना खरं सांगण्याची पद्धत नव्हती, कारण त्यांनी ते बाहेर जाऊन इतरांना सांगितलं असतं.

निकाल मास्तरांच्या बाजूने लागला. धीर वजा केला की पाचवा भाग पहिल्यापेक्षा अवघड नव्हता, दोन-तीन ठिकाणी सोपाच होता. मापारणीने हे सगळ्यांसमोर सांगितलं. मास्तरांनी धाकट्यांकडे बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

“म्हणजे कोडी तीच आहेत, माणसं बदलली,” धाकटे म्हणाले.

“हो.”

“मग कोडी रचणाराही माणूसच की. तो बदलला का, तेही मोजून टाकू.” धाकटे भावाकडे वळले. “दादा, पहिल्या भागातली पाणचक्कीची खोली. तुझीच. सोडवून दाखवतोस? दाखवलीस तर सहावा भाग तुझा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही.”

“स्वतःच्या घरात शिरायला मला पत्ता विचारावा लागतो का रे?” मास्तर म्हणाले आणि बाह्या सरसावून उठले.

कामं सोडून सगळे खोलीत जमले. कोणी चहाचे कप घेऊन आलं. “डोळे झाकून सोडवतील,” कोणीतरी म्हणालं. “नको, उघडेच राहू देत. झाकले तर झोप लागेल,” धाकटे म्हणाले. लोक हसले, मास्तरही हसले. चितारणीने खोली उघडून दिली. धाकट्यांनी आधी तिच्या कानात काहीतरी सांगितलं होतं, त्यामुळे ती ओठ दाबून हसत होती. मापारीण नेहमीच्या जागी, मास्तरांच्या मागे बसली.

पाणचक्कीची खोली खेळणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध होती. खोलीत एक गंजलेलं चाक असतं आणि भिंतीवर एक पेटता कंदील. चाकाला तेल हवं असतं, आणि खोलीत तेल फक्त त्या कंदिलात असतं. ते चाकावर ओतलं की कंदील विझतो, गुडूप अंधार होतो, आणि त्या अंधारात भिंतीतली एक उजेडाची चीर दिसते. तिच्यामागे पुढचं दार. उजेड घालवल्याशिवाय वाट दिसत नाही, हे सुचल्यावर मास्तर म्हणे दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते.

पडद्यावर उघडलेल्या खोलीत कंदील नव्हता. छताला झरोका होता आणि त्यातून लख्ख ऊन आत येत होतं.

मापारणीने धाकट्यांकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ती गप्प राहिली, ती भीतीने नव्हे. आता मास्तर मागे वळतील, हा चावटपणा कोणाचा म्हणून विचारतील आणि धाकट्यांची चांगली जिरेल, असं तिला वाटत होतं. ती त्या क्षणाची वाट बघत होती.

मास्तर वळले नाहीत. त्यांनी खेळातल्या किल्लीवालीला चाकापाशी नेलं. चाक हललं नाही. “याला तेल हवं,” ते म्हणाले. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

“तेल,” मास्तर पुन्हा म्हणाले. “तेल मी कुठे ठेवलं होतं?”

लोक हसले. त्यांना ते सोंग वाटलं. मास्तरांनी पोती उचकली, फळी चाचपली, दगड एकेक करून हलवून पाहिले. मग परत पोत्यांपाशी आले. किल्लीवाली उन्हाच्या चौकोनातून इकडून तिकडे फिरत होती आणि तिची सावली तिच्यामागे. हसणं हळूहळू कमी झालं. मग ते अगदीच थांबलं आणि खोलीत फक्त माउसची टिकटिक राहिली.

“दादा, कोरे एवढ्यात उठून जातात. तुझा धीर मोठा हं,” धाकटे म्हणाले.

मास्तरांनी पुन्हा एक पोतं उचकलं.

“इशारा देऊ का एखादा? आपण ठेवतोच की, लहान मुलांसाठी.”

“गप्प बस. मागच्याने बोलायचं नसतं.”

“बरं बाबा. बस तू. आम्ही काय, सहावा भाग उद्या करू, परवा करू.”

मास्तर परत चाकापाशी गेले. मानेवरचा घाम त्यांनी रुमालाने टिपला. बऱ्याच वेळाने त्यांनी माउस बाजूला सारला.

“नाही येत मला,” ते म्हणाले.

“असू दे रे,” धाकटे म्हणाले. आवाज इतका मऊ होता की चितारणीने मान खाली घातली. “वय झालं की होतं. आपल्या आईचं नाही का झालं? शेवटी शेवटी मला मामा म्हणायची.”

लोक कप उचलून पांगले.

मापारीण मास्तरांच्या मागोमाग त्यांच्या खोलीत गेली. ते फळ्यासमोर उभे होते. फळा कोरा होता.

“मास्तर, ती बंद प्रत होती. तुम्हाला फसवलं त्यांनी. ते कोडं कोणालाच सुटलं नसतं.”

त्यांनी सावकाश मान वळवली. ती त्यांच्या संतापाची वाट बघत होती.

“काय काढलं होतं त्यातून?”

“कंदील.”

“कंदील,” ते म्हणाले. मग खुर्चीत बसले. “म्हणजे खोली अंधारी व्हायची.”

“हो.”

“आणि मी उन्हात फिरत होतो.”

“पहिल्या भागाच्या नव्या आवृत्तीसाठी चितारणीने बऱ्याच खोल्या बदलल्यात. तुम्हाला वाटलं असेल, हीपण तिनेच बदलली.”

“मला काही वाटलंच नाही. कोडं कधी चुकत नाही, सोडवणारा चुकतो, हे मी इतक्यांना सांगितलंय की तेवढंच डोक्यात होतं. ऊन लक्षातच आलं नाही.” ते तिच्याकडे वळले. “तू मागे होतीस. तुला कधी कळलं?”

कोणी किती वेळ लागला असं विचारलं की खरं उत्तर द्यायचं, याची तिला इतकी सवय होती की तिने विचार केला नाही.

“खोली उघडल्याबरोबर.”

मास्तरांनी टेबलावरचा खडू उचलला आणि खाली ठेवला.

तिला आपली चूक तेव्हा दिसली. “पण हे धरायचं नाही, मास्तर. मी ती खोली महिनाभर रोज बघतेय. तुम्ही कित्येक वर्षांत उघडली नव्हती. शिवाय अख्खं ऑफिस तुमच्या मानेवर बसलं होतं. ही तुलनाच होत नाही.”

“तू ती पाहिली आहेस,” मास्तर म्हणाले. “मी रचली आहे. धाकट्याने लबाडी केली, पण माप बरोबर निघालं. चल.”

धाकटे भांडणाच्या तयारीने बसले होते. मास्तरांनी बंद प्रतीचं नावही काढलं नाही.

“सहावा भाग तुला हवा त्याला दे,” ते म्हणाले. “माझी हरकत नाही.”

धाकट्यांनी तयार ठेवलेली वाक्यं तशीच गिळली. त्यांचा चेहरा जरा उतरल्यासारखाच झाला. “घरी आराम कर आता. वहिनींना बरं वाटेल.”

“घरी बसून काय करू? फळ्याशिवाय मला दिवस कसा काढायचा ते माहीत नाही.” मास्तरांनी खुर्चीची पाठ धरली. “मला कोरा म्हणून बसव. सहाव्या भागाची कोडी तपासायला माणसं लागतीलच. मी बसेन, मुकाट्याने सोडवेन, सुटलं नाही तर उठेन. माझा इतका तरी उपयोग होईल.”

धाकटे हसले. मग हसू आवरून खरोखर विचार करू लागले.

“कोऱ्याला मालिकेतलं काहीच माहीत नसावं लागतं, दादा. तुला थोडं आठवतं, थोडं आठवत नाही. चाकाला तेल हवं हे आठवलं, तेल कुठे ते नाही.” ते मापारणीकडे वळले. “असा अर्धवट माणूस तुझ्या मोजमापात चालतो का गं? तूच सांग. मी सांगितलं तर माझ्यावर खापर फुटतं.”

मास्तर तिच्याकडे बघत होते. अर्धं आठवणारा माणूस कुठे आठवणीने पुढे गेला आणि कुठे बुद्धीने, हे वेगळं काढता येत नाही. त्याचे आकडे जाणकारांतही धरता येत नाहीत आणि कोऱ्यांतही. अशा माणसांना ती दारातूनच परत पाठवत आली होती.

“नाही चालत,” ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. उत्तर त्यांना पटलं होतं.