गवळीमळ्याची मैना शहरात जाते

गवळीमळ्याचा इतिहास लिहायला बसलं तर पहिल्या पानावर म्हशी येतात, माणसं नंतर. जोतीराम गवळ्याच्या वडिलांचा गोठा इथं होता आणि सभोवार ऊस. मग ऊस गेला, प्लॉट पडले आणि राधानगरीकडचे मास्तर, जयसिंगपूरकडचे व्यापारी, कचेरीतले कारकून असं मिश्र पीक उगवलं. नळ आला नव्हता तोवर गोठ्याच्या विहिरीनं सगळ्यांना पाणी पाजलं. पुढं फ्लॅट झाले आणि ते पाणी प्यालेल्यांनीच गेटावर ‘राजारामपुरी एक्स्टेन्शन’ अशी पाटी लावली. राजारामपुरी म्हणजे शहरातली बडी वस्ती, तिथं जायला इथून रिक्षा करावी लागते, पण मोठेपणा उसना घ्यायचा तर अंतर कोण बघतो.

गोठा मात्र राहिला. कॉलनीच्या अध्यक्ष श्यामलावहिनी दर सभेत तो हलवायचा ठराव मांडत आणि दर सकाळी पातेलं घेऊन त्याच गोठ्यात धारेच्या दुधाला उभ्या राहत. दोन्ही कामं सारख्याच नेमानं.

यंदा शहरातल्या एका तालमीचं बोलावणं आलं. दिवाळीच्या पाडव्याला तिथल्या चौकात म्हशी नटवून आणतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ, अंग तेलानं चकाकतं. धनी मोटारसायकलचा फडफडाट करत पुढं आणि म्हैस भर गर्दीतून त्याच्या मागं, ना दावं, ना काठी. फेरी पुरी झाली की त्या पेठेचं नाव कर्ण्यावरून पुकारतात. उपनगराचं नाव तिथं कधी निघालेलं नव्हतं. तुमच्याकडची म्हस दूध देती, पळत न्हाय, असं पेठवाल्यांचं म्हणणं.

गोठ्याचे धनी जोतीराममामांनी आपल्या मैना म्हशीला गणपतीपासून तयार केलं. त्यांच्या जुनाट गाडीचा आवाज आला की ती वैरण टाकून निघायची. श्यामलावहिनींनी फ्लेक्स करून घेतला, ‘गवळीमळ्याची मैना’. त्यावर मैनेपेक्षा वहिनी थोड्या मोठ्या होत्या, एवढं सोडलं तर फ्लेक्स चांगला होता.

धनत्रयोदशीला मामा लेकीकडं राधानगरीला गेले, ते थेट पाडव्याच्या सकाळी परतले. दारात हार घातलेली विजेवरची कोरी स्कूटर.

“ही कुणाची?” मामांनी विचारलं.

“तुमची की,” मुलगा आदर्श म्हणाला. “शहरातली लोकं बघणार, तिथं त्या खटाऱ्यावर जाणार व्हय? एक्स्चेंजमधी दिली ती.”

मामा पायरीवर बसले. त्यांची बायको विठाबाई आतून म्हणाली, “मी म्हटलोतो त्याला, तुझ्या बाला इचार. पर गवळीमळ्याची इज्जत म्हणाला आन् गेला.”

आदर्शनं स्कूटर चालू केली. ती चालू झाली हे फक्त त्यालाच कळलं. मैनेनं एकदा पाहिलं आणि रवंथ सुरू ठेवला.

मग कॉलनीनं आपापल्या गाड्या आणल्या. विजयसिंहाची बुलेट, निशिगंधाची स्कूटी, निवृत्त हेडमास्तर नृसिंह कुलकर्णी सरांची लूना, जी चालू करायला दोघं लागले. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांकडं बघावं तसं मैनेनं एकेकीकडं बघितलं. पसंत एकही पडली नाही.

“राहू दे,” मामा म्हणाले. “तब्येत बिघडली म्हणून कळवा.”

“कुणाची? म्हशीची की तुमची?” श्यामलावहिनींनी विचारलं.

“कुणाची बी कळवा.”

“मामा, घरी बसलो तर पुढची पन्नास वर्षं ते म्हणतील, बोलावलं तरी आले नाहीत. चालत जाऊ.”

“बाजारला न्हेल्यावानी? हसत्याल की वैनी.”

“हसू देत. तुम्हाला एकट्याला हसण्यापेक्षा आम्हा सगळ्यांना हसतील.”

आयुष्यभर गोठ्याविरुद्ध ठराव मांडणारी बाई हे बोलली, म्हणून ते जमेच्या बाजूला लिहून ठेवायला हवं. आणि कॉलनी निघाली. पुढं मामा, मागं मैना, तिच्या मागं इस्त्रीचे कुर्ते, पैठण्या आणि फ्लेक्स. राजारामपुरीतून जाताना दुकानदार बाहेर येऊन बघत होते.

चौकात गाड्यांचा नुसता कल्लोळ. तालमीचे वस्ताद सयाजी पाटील माईक घेऊन उभे होते. म्हणाले, “पावणं, गाडी कुठं हाय?”

“न्हाय,” मामा म्हणाले.

“मग म्हस कशाच्या मागं पळणार?”

मामांनी पायजमा वर खोचला, “हो मैने” म्हणून हाळी दिली आणि पळत सुटले. मैना दोन पावलं गेली आणि गर्दी बघून थबकली. हसू फुटलं. कुणीतरी ओरडलं, “दूध काढून घ्या आन् घरला जावा.”

ते श्यामलावहिनींना लागलं. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि मामांच्या मागं धावल्या. मग विठाबाई. मग आदर्श, निशिगंधा, विजयसिंह. कुलकर्णी सर गुडघा धरून धावले, पण धावले. अख्खी कॉलनी पुढं पळताना पाहून मैनेनं मान वर केली आणि कवड्या खळाखळा वाजवत मागं सुटली. कडेला गाड्या गुरगुरत होत्या, फटाके फुटत होते, तिनं ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या वळणावर सर मागं पडले, तशी ती त्यांच्यासाठी जरा हळू झाली आणि सर पुढं सरकल्यावर पुन्हा पळू लागली. शिट्ट्या पडायच्या त्या तिथूनच पडू लागल्या.

फेरी पुरी झाली. मामांनी मैनेच्या गळ्यात हात टाकला आणि तसेच उभे राहिले.

वस्तादांनी विचारलं, “कुठली म्हणायची ही म्हस?”

“गवळीमळा,” एकदम इतके गळे बोलले, की ‘एक्स्टेन्शन’वाले त्यात कुठले हे ओळखू आलं नाही.

वस्तादांनी माईक तोंडाशी धरला. “आमच्या म्हशी एका गाडीमागं पळत्यात. ही गवळीमळ्याची मैना सगळ्या गावामागं पळती.” मग माईक खाली घेऊन मामांना म्हणाले, “पुढच्या पाडव्याला या. पर गाडी घेऊन आला तर आत सोडणार न्हाय.”

“गाडी न्हाईच की,” मामा म्हणाले. “लोकांचं म्हणाल तर सराव लागंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागच्या रस्त्यावर सरावाला सगळ्यात आधी श्यामलावहिनी आल्या होत्या, पायात नवे बूट घालून.