तिसरा सिलिंडर

जुनी गाडी उचक्या लागल्यासारखी चालत होती. गॅरेजची मालकीण कार्बोरेटरला दोष देऊन मोकळी झाली. तेवढ्यात तिच्या म्हाताऱ्या बापानं, ज्याच्या हाताखाली ती हे काम शिकली होती, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, त्याची मूठ दातांत धरली आणि मग म्हणाला, "तिसरा सिलिंडर पेटत नाहीये."

"बाबा, तुम्हाला माझी हाक ऐकू येत नाही, सिलिंडर काय डोंबलाचा ऐकू येणार!" ती सगळ्यांदेखत ओरडली. गिऱ्हाइकं खो खो हसली. म्हातारा मूठ पुसून बाकावर जाऊन बसला.

कार्बोरेटर खोलून, धुऊन बसवला, तरी उचक्या तशाच. शेवटी झक मारत तिनं चालू इंजिनाच्या एकेका सिलिंडरच्या प्लगची वायर काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन आणखीच अडखळलं. दुसरीलाही तेच. तिसरी काढली, तर इंजिनाला पत्ताच नाही, होतं तसंच चालत राहिलं! तिचं तोंड गोरंमोरं झालं. कान गेले म्हणून काय झालं, बापाचे दात ऐकत होते.

ती बाकापाशी जाऊन पुटपुटली, "बाबा, चुकलं माझं."

"काय?" बापानं कानामागे हात धरला.

गिऱ्हाइकांच्या माना वळल्या. मघाशी ओरडली होती, तेवढ्याच मोठ्यानं तिला आता हेही ओरडावं लागणार होतं.