पदराखालचं माप

सत्यभामेचा उजवा डोळा पुरता मिटत नाही हे आधी भिवराबाईलाच दिसलं. का मिटत नाही, तेही तिला त्याच क्षणी कळलं, आणि तिने तोंड मिटून घेतलं.

फसली सन तेराशे वीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अकराच्या सुरुवातीचा पौष महिना. निजामाच्या राज्यातल्या मोमिनाबादेत बंकटराव डॉक्टरांचा छोटासा खाजगी दवाखाना होता. विधवा भिवराबाई तिथे बारा वर्षं काम करत होती. पट्ट्या उकळणं, हत्यारं मांडणं, शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचं डोकं धरणं हे सारं तिच्याकडे होतं. डॉक्टर म्हणायचे, "माझा हात चुकेल, भिवराबाईंची नजर चुकायची नाही."

सत्यभामा ही घाटनांदूरच्या आप्पाराव देशमुखांची धाकटी सून, जेमतेम एकोणीस वर्षांची. लहानपणापासून तिच्या वरच्या पापण्या सुजायच्या आणि चार दिवसांनी उतरायच्या. असं वर्षानुवर्षं होऊन कातडी सैल पडली आणि पापणीच्या केसांवर लोंबू लागली. दिसायला काहीच अडत नव्हतं. अडत होतं ते सासरी. "सकाळच्या पारी शिंदी पिल्यावानी दिसती," असं सासू चारचौघींत म्हणायची आणि बायका पदराआड हसायच्या. शेवटी नवऱ्याने हट्ट धरला, आणि आप्पाराव सुनेला गाडीत घालून घेऊन आले.

डॉक्टरांनी आधी एकच डोळा करायचं ठरवलं. कापण्याआधी रोग्याला ताठ बसवायचं, जादा कातडी चिमट्यात धरून मोजायची, जांभळ्या पेन्सिलीने रेघ मारायची आणि त्या रेघेबाहेर जायचं नाही, असा त्यांचा नेम होता. त्या दिवशी सत्यभामा खुर्चीवर बसली होती. डॉक्टर पाठमोरे उभे राहून पेन्सिलीला टोक काढत होते. तेवढ्यात आप्पाराव दारातून आत आले.

"किती येळ लागंल, डॉक्टरसाहेब?"

सासऱ्यासमोर सुनेचं कपाळ उघडं! भिवराबाईने पुढे होऊन सत्यभामेचा पदर ओढला, पार भुवयांवर, आणि मागून गच्च धरून ठेवला. आप्पाराव तिथेच उभे राहिले. डॉक्टर वळले, त्यांनी माप घेतलं आणि रेघ मारली. टेबलावर निजवल्यावर पदर गेला, पण रेघ पडली होती.

पदराखाली दाबलेली भुवई कपाळाची कातडी खाली लोटते आणि पापणीवर ती जादा दिसते. हे भिवराबाईला तेव्हा सुचलं नाही. सुचलं ते पंधरा दिवसांनी. सत्यभामा परत आली तेव्हा तिचा डोळा लाल झाला होता, त्यातून पाणी गळत होतं. "डोळं मीट, बाई," म्हटल्यावर उजवीकडे गव्हाच्या दाण्याएवढी पांढरी फट उरली.

"झोपेतबी उघडाच ऱ्हातो," सत्यभामा म्हणाली. "नणंद म्हनती, आधी शिंदी पिलेली दिसायचीस, आता मेलेली दिसतीस."

बुबुळाच्या खालच्या भागावर तांदळाच्या कणीएवढा पांढुरका डाग होता. उघड्या पडलेल्या जागी बुबुळ सुकलं होतं आणि तिथे जखम धरली होती.

तिला दवाखान्यातच ठेवून आठ दिवस उपचार चालले. कोमट बोरिकच्या पाण्याने डोळा धुवायचा, तासातासाला एरंडेलाचा थेंब घालायचा, निजताना पापणी बोटाने खाली आणून चिकटपट्टी लावायची. भिवराबाईने एकही थेंब चुकवला नाही. हात चाकरी करत होते आणि जीभ टाळ्याला चिकटून होती. बोलले तर डॉक्टर काय म्हणतील? आप्पाराव काय करतील? ह्या वयात दुसरं काम कोण देईल? असं मनाशी बोलत ती थेंब घालायची आणि सत्यभामा म्हणायची, "बाई, तुमचा हात लई हलका हाय." तो शब्द तिला काट्यासारखा सलायचा.

नवव्या दिवशी डाग वाढून ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. डॉक्टर हात धूत म्हणाले, "वण आखडतोय, भिवराबाई. मी नऊ मिलिमीटर कापलं आणि रेघेबाहेर केसभर गेलो नाही. म्हणजे हिची कातडीच आखडणारी. कानामागचं कातडं लावावं तर तेही आखडेल. हैदराबादेला न्यायला पाहिजे."

सुनेला न्यायला आलेले आप्पाराव दारातून म्हणाले, "बाईमानसाला हैदराबादेला कोन न्हेतंय? जाईल तर जाईल डोळा. एक हाय की!" आणि ते गाडी जुंपायला सांगायला गेले.

सत्यभामेच्या उघड्या डोळ्यातून पाणी तेवढं वाहत राहिलं.

"डॉक्टर," भिवराबाई म्हणाली, "डाव्या डोळ्याचं माप घ्या."

"आता? कशासाठी?"

तिने सत्यभामेचा पदर भुवयांवर ओढला आणि मागून गच्च धरला. "आसं घ्या."

डॉक्टरांनी चिमटा लावला. "नऊ."

तिने पदर खांद्यावर टाकला. भुवई सुटून वर गेली. "आता घ्या."

डॉक्टरांनी दोनदा मोजलं. "पाच." त्यांनी मापाची पट्टी खाली ठेवली. "त्या दिवशी पदर कोणी ओढला होता?"

"मी. आप्पाराव आत आले म्हनून. पंधरा दिवसांनी डोळा पाह्यला तवाच मला उमगलं. आज नऊ दिवस मी गप हाय."

डॉक्टर खुर्चीत बसले. "पदर तुम्ही ओढलात. बघायचं काम माझं होतं." मग ते एकदम उठले. "पण हे नऊ दिवस... भिवराबाई, हे नऊ दिवस तिचे होते."

भिवराबाईने बाटली घेऊन सत्यभामेच्या डोळ्यात थेंब घातला.

"म्हणजे कातडी आखडत नाहीय," डॉक्टर म्हणाले. "चार मिलिमीटर कमी पडतंय, एवढंच. लावलेलं कातडं थोडं आक्रसतं, म्हणून सहा घेऊ. आजच. पाणी उकळा."

तेवढ्यात आप्पाराव दारात आले. भिवराबाई आडवी झाली.

"भाईर बसा, आप्पाराव."

"आमची सून हाय ती!"

"म्हनूनच," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

डॉक्टरांनी जुना वण उकलला. पापणी आपसूक आपल्या जागी उतरली, आणि उघड्या पडलेल्या जागेवर त्यांनी कानामागचं कातडं शिवलं. दोन्ही पापण्या आठवडाभर टाक्यांनी एकत्र धरल्या. टाके काढले त्या दिवशी भिवराबाई समोर बसली.

"मीट."

डोळा मिटला. फट नव्हती.

"उघड. माझा चेहरा दिसतो?"

"दिसतो. खालून जरा धुकं हाय."

तो डाग आता जाणार नव्हता. ती बोलली त्याच्या नऊ दिवस आधी तो तांदळाच्या कणीएवढाच होता. भिवराबाईने मान खाली घातली. "पदर मी ओढलता, पोरी. तुला सांगायला पायजे होतं."

"मला ठावं हाय," सत्यभामा म्हणाली. "तवा मला बरंच वाटलतं. मामंजींच्या पुढं उघडी बसले व्हते ना."

बाहेर गाडी उभी राहिली. आप्पारावांच्या खोकण्याचा आवाज ऐकून सत्यभामा उठली, आणि भिवराबाईचा हात सवयीने तिच्या पदराकडे गेला. तो तिने अर्ध्यावरच थांबवला. सत्यभामेनेच पदर घेतला, भुवयांवर ओढला आणि गाडीत चढली.

डाव्या डोळ्यासाठी ती पुन्हा आली नाही.