कॉस्मासच्या मास्तरांची तिपाई

मित्रांनो, मी एक जुनी तिपाई आहे. मला तीन पाय आहेत, तरी मी कधी ठाण्याबाहेर गेलेली नाही.

माझा जन्म फणसाच्या लाकडातून झाला. तेव्हा आगगाडी नवी होती. ती दिसली की म्हाताऱ्या कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढायच्या. व्हॅलेरियन मास्तर माझ्यावर बसून समोरच्या बाकावरच्या कॉस्मासला व्हायोलिन शिकवत. तो चुकला की माझ्या पायावर टाच हाणून ओरडत, "गाढवा, पुन्हा पहिल्यापासून!" माझा एक पाय असा संगीतात झिजला.

मग मास्तर तापाने गेले. कॉस्मासचं गाणं दुसऱ्या वळणावर अडलं ते अडलंच. चिडून त्याने व्हायोलिन भाताच्या कणगीत पुरलं. माझ्यावर बोंबील वाळू लागले. एक कोंबडी तेवढी येऊन बसे. तिला सुरातलं काही कळत नव्हतं, पण ती येत होती.

पुढे कॉस्मासची बहीण थेरेसा हिचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरीच्या अंघोळीचं पाणी आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात.

थेरेसा म्हणाली, "दादा, पाण्याला तू नाय वाजवलंस, तर मी अंघोळच करायची नाय. तशीच उभी राहीन देवळात फादरसमोर!"

कॉस्मासने कणगीतून व्हायोलिन काढून झटकलं. बाकावर बसून वाजवलं, अडला. मग उठून माझ्यावर बसला आणि रिकाम्या बाकाकडे बघून गरजला, "गाढवा, पुन्हा पहिल्यापासून!"

बाकावर परतल्यावर त्याला ते फार लागलं. तो स्वतःवर रुसला आणि जेवलाच नाही.

थेरेसा म्हणाली, "अरे, मास्तर गेले ना? आता तू हायस मास्तर. मग जरा गोड बोल की त्या पोराशी!"

दुसऱ्या दिवशी तो माझ्यावर हळूच बसला. मग म्हणाला, "कॉस्मास, पहिल्यापासून नको रे बाबा. अडतंय तेवढंच वाजव. मी हाय इथं."

बाकावर जाऊन त्याने तेवढंच वाजवलं. परत माझ्यावर येऊन म्हणाला, "बरं झालं. आणखी एकदा." असा तो दिवसभर इकडून तिकडे उठबस करत होता. कोंबडी बिचारी दारातून परत गेली.

पाण्याच्या दिवशी त्याने मला डोक्यावर घेतलं. लोक हसले, "तिपाई कशाला रे?"

"मास्तर हायत," तो म्हणाला.

विहिरीपाशी गाण्याचं दुसरं वळण आलं. व्हायोलिनचा गज अडला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रिकामीच होते. तो स्वतःशीच पुटपुटला, "मी हाय इथं." आणि सूर वळला. थेरेसाने अंघोळ केली.

आता कॉस्मासला माझ्यावर बसावं लागत नाही. मास्तर त्याच्या आतच बसतात. माझ्यावर पुन्हा कोंबडी असते.

मित्रांनो, कुठे रिकामी तिपाई दिसली तर तिच्यावर बोंबील टाकू नका. घटकाभर बसा आणि समोर जो अडलेला आहे, त्याच्याशी जरा गोड बोला. तो तुम्हीच असाल. मलाही तेवढीच सोबत.