जावईबापू जेवले का?

चौघांनी मिळून झोळीतलं कासव टाकीतून वर काढलं आणि वजनकाट्याकडे निघाले, तोच ओल्या फरशीवर टेलरमास्तरांचा पाय घसरला.

"अहो, सांभाळून!" बायको ओरडली.

"काही नाही झालं मला," मास्तर म्हणाले. गुडघा सोलवटला होता, पण त्यांना एकदम बरं वाटलं.

"तुम्हाला नाही हो. त्याचा पाय बघा, दुमडला जातोय."

डॉक्टरीणबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. बायकोने जीभ चावली. मग एका हाताने झोळी धरून दुसऱ्या हाताने तिने कासवाचा वल्ह्यासारखा पुढचा पाय हलकेच सोडवला. निजलेल्या बाळाखालचं दुपटं सारखं करावं, तसा. त्या पायावर जाळ्याने चिरल्याची लांब खूण होती. मास्तरांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. कासवाने तिकडे एकदा पाहिलं. बायकोने पाहिलं नाही.

बेटावरचं ते केंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन शेड, पाण्याच्या गोल टाक्या, एक डॉक्टरीणबाई आणि हौसेखातर बिनपगारी राबायला आलेली माणसं. जखमी समुद्री कासवं बरी करायची आणि पुन्हा समुद्रात सोडायची, एवढं काम. बायको महिनाभरासाठी म्हणून आली आणि तिथेच रमली. फोनवर ती पहिल्यांदा म्हणाली, "जावईबापू आज जेवले," तेव्हा मास्तर दुकानात एका पँटची शिवण उसवत होते. त्यांनी सुई खाली ठेवली. त्यांना एकुलता एक मुलगा होता. घरात मुलगी नाही आणि जावई जेवून गेला, म्हणजे प्रकरण वाटतं त्याहून पुढे गेलं होतं.

"कोण जावईबापू?"

"कासव हो. सारखं रुसलेलं असतं, काही दिलं की तोंड फिरवतं. म्हणून सगळे तसं म्हणतात."

त्यानंतर प्रत्येक फोनवर जावईबापू. जावईबापूंनी आज दोन घास घेतले. जावईबापूंनी आज कूस बदलली. मास्तरांची दाढ काढली त्या दिवशी त्यांनी मुद्दाम बोबड्या आवाजात फोन केला. तिने विचारलं, "तिकडे रेंज नाही का?" आणि जावईबापूंचं पोट साफ झाल्याची आनंदवार्ता सांगितली.

शेवटी ती म्हणाली, "तो समुद्रात गेला की मी लगेच घरी." तेव्हा मास्तरांनी दुकानाला कुलूप घातलं आणि बेटाची लाँच पकडली. लोकांना सांगितलं, मदतीला चाललोय. खरं म्हणजे त्यांना तो प्राणी एकदा नजरेखालून घालायचा होता.

तो घातला. पाठ अफाट रुंद, मान आखूड, खांदा कुठे संपतो याचा पत्ता नाही. शिवायला वाईट गिऱ्हाईक. डॉक्टरीणबाईंच्या अंदाजाने वय मास्तरांच्याच आसपास. डोक्यावर एक केस नव्हता, पण तो मुद्दा मास्तरांनी सोडून दिला, कारण स्वतःचीही बाजू तिथे लंगडी होती.

केंद्राचा एक नियम होता. कासवाला माणसांची सवय लागता कामा नये. माणूस दिसला की खायला मिळतं, हे एकदा त्याच्या डोक्यात बसलं, की ते समुद्रात गेल्यावरही होडीमागे धावतं आणि पुन्हा जाळ्यात सापडतं. म्हणून टाकीभोवती काळा पडदा होता. पडद्याच्या फटीतून लांब चिमट्याने मासा आत सोडायचा, चेहरा दाखवायचा नाही, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. जावईबापूंना भरवण्याचं काम बायकोकडे होतं आणि ती ते व्रतासारखं पाळत होती. सकाळ-संध्याकाळ स्टुलावर बसायची, फटीतून चिमटा आत सारायची आणि श्वास रोखून वाट बघायची.

मास्तरांना तिने त्या कासवाचे लाड केले असते तर चाललं असतं. लाडांत काय, माणूस कुत्र्याचेही करतो. पण हे गप्प बसणं त्यांना झोंबायचं. घरी त्यांच्याही जेवणात अवाक्षर नसायचं, पण ते गप्प बसणं वेगळं. मास्तरांच्या तोंडात उभी हयात टाचण्या असायच्या. टाचण्या धरून माणूस 'हं' म्हणू शकतो, फार तर 'हूं'. इतक्या वर्षांच्या संसाराचं संभाषण त्या दोन अक्षरांत आटोपलं होतं. आणि इथे ती पडद्यामागे बसून, एक शब्द न बोलता, कुणाशी तरी इतकी बोलत होती.

"तुला काय वाटतं, त्याला कळतं का तू आहेस ते?" त्यांनी एकदा विचारलं.

"न कळलेलंच बरं."

"पण एवढं करतेस त्याचं."

"तुमचं नाही का केलं?" ती म्हणाली आणि बादली धुवायला गेली.

कात्री चालवणारा हात म्हणून मास्तरांकडे मासे कापायचं काम आलं. तुकडे ते इतके सारखे कापत, की डॉक्टरीणबाईंनी कौतुक केलं. त्याच बादलीशेजारी त्यांना कल्पना सुचली. हा जावई तिच्याच हातचं खातो, असं सगळे म्हणतात. आपण दिलं तर? निर्लज्जासारखा कुणाकडूनही खातो, एवढं एकदा सिद्ध झालं, की तिला सांगता येईल. नियम त्यांना ठाऊक होता. पण नियम लळा लागण्याबद्दल होता. आपला लळा कोणाला लागतोय, असा त्यांचा साधा हिशेब.

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मास्तर पडदा सारून आत शिरले. एक तुकडा हातात धरून ते पाण्यावर वाकले.

"घे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "लाज असेल तर घेऊ नकोस."

जावईबापू सावकाश वर आले, त्यांच्याकडे बघितलं आणि तुकडा उचलला.

"बघ! हीच का तुझी निष्ठा?"

जावईबापूंनी पुन्हा तोंड उघडलं.

मास्तर जिंकले होते. आता बायकोला उठवून सांगायचं, एवढंच उरलं होतं. त्याऐवजी त्यांनी दुसरा तुकडा दिला. उद्या सांगू, म्हणाले. पुरावा भक्कम हवा.

दुसऱ्या दुपारी त्यांनी कासवाला पुन्हा चार शब्द सुनावले. तिसऱ्या दुपारी सुनावण्याचे शब्द संपले, म्हणून दाढेचं सांगितलं. "अशी कळ होती, सांगतो तुला. पण तुला काय कळणार, तुला दातच नाहीत." कासव ऐकत होतं. निदान हलत तरी नव्हतं. मग तयार कपड्यांच्या दुकानांनी धंदा कसा बसवला ते निघालं. मग मुलगा फोनवर फक्त "आई आहे का?" विचारतो, तेही निघालं. मग एका दुपारी, लग्नानंतर पहिल्यांदा तिचं पोलकं शिवलं तेव्हा मापासाठी टेप धरताना हात थरथरले होते, म्हणून ते एका बाजूला सैल झालं, हे सांगितलं. ती ते सैलच वापरत राहिली आणि एका शब्दाने बोलली नाही, हेही. तोंडात टाचणी नसली की माणसाला किती बोलता येतं, याचं मास्तरांना नवल वाटलं. पुराव्याचं ते विसरून गेले होते.

मग परीक्षेची सकाळ आली. जखम भरली होती, वजन भरलं होतं. पडदा पूर्ण काढायचा, एकेकाने रिकाम्या हाताने टाकीशी जाऊन उभं राहायचं. कासवाने ढुंकून पाहिलं नाही, तर पास. मग लगेच लाँचमधून खोल समुद्रात. बायकोने सामानाची पिशवीसुद्धा भरून ठेवली होती.

डॉक्टरीणबाई जाऊन उभ्या राहिल्या. जावईबापू तळाशी दगडासारखे. केंद्राचा स्वयंपाकी गेला. दगडासारखे. मग बायको गेली. इतके महिने जिने भरवलं तिच्याकडे त्याने पाठ फिरवली आणि पलीकडच्या भिंतीशी जाऊन पडून राहिलं. बायकोचे डोळे भरून आले. तिने मास्तरांकडे बघून हसून मान हलवली. तो तिला ओळखत नव्हता. ती पास झाली होती.

"काका, तुम्ही राहिलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझं काय? मी तर मासे कापणारा."

"या ना. सगळ्यांनी जायचं असतं."

मास्तर चवड्यांवर चालत गेले आणि टाकीपासून जितकं लांब उभं राहता येईल तितकं लांब राहिले. पाणी हललं. जावईबापू तळावरून उठले, सरळ रेषेत आले, कठड्याशी मान वर काढली आणि तोंड उघडलं.

मास्तरांनी हळूच हाताने 'जा' अशी खूण केली. जावईबापूंनी तोंड आणखी उघडलं.

"काका, हा तुम्हाला ओळखतो."

"माझा चेहराच तसा आहे. पुष्कळांना ओळखीचा वाटतो."

"खायला घातलंत?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"रोज," मास्तर म्हणाले.

"बोललातही?"

मास्तरांनी कासवाकडे पाहिलं, जणू त्यानेच चुगली केली होती.

लाँच कासवाशिवाय परत गेली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट झालं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की आता हे ज्याने केलं त्यानेच निस्तरायचं. रोज टाकीशी जायचं, रिकाम्या हाताने उभं राहायचं, बोलायचं नाही. कासव यायचं थांबेपर्यंत.

"आणि नाही थांबलं तर?"

"मग ते टाकीतच राहील, काका. जन्मभर."

बायकोने चिमटा धुतला, खिळ्याला अडकवला आणि पिशवीतले कपडे एकेक काढून परत दोरीवर टाकले.

मास्तर रोज दुपारी टाकीशी उभे राहू लागले. जावईबापू यायचे, तोंड उघडायचे, वाट बघायचे. मास्तर हात मागे बांधून छताच्या पत्र्याकडे बघायचे. आपल्यासाठी कुणी इतक्या लगबगीने येतं आणि त्याची यायची सवय आपणच मोडायची; याहून अवघड काम त्यांनी मशीनवर कधी केलं नव्हतं. कासव आज जरा उशिरा आलं, की त्यांना आनंद व्हायचा आणि वाईटही वाटायचं.

अशाच एका दुपारी मागे पडदा हलला. बायको आत येऊन त्यांच्याजवळ उभी राहिली. जावईबापू कठड्याशी आले. तिच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मास्तरांकडे तोंड करून ते थांबले.

तिने एकदा कासवाकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे.

"मी तोंडाला कुलूप लावून बसले," ती अगदी हळू म्हणाली. "हाक मारावी असं कितीदा वाटलं. नाही मारली."

मास्तर पत्र्याकडे बघत राहिले.

"काय सांगायचात हो त्याला एवढं? रोज?"

मास्तरांनी टाकीकडे बोट दाखवलं आणि मग तेच बोट ओठांवर ठेवलं.

तिने त्यांचं मनगट धरलं. धरलं ते चांगलं घट्ट, चुकार पोराला शाळेत नेताना धरतात तसं.

"बाहेर चला," ती म्हणाली. "त्याने पुष्कळ ऐकलंय."